सिमेंटमध्ये कोंडलेला साग

ड्रिल खांबात घुसलं आणि थांबलंच नाही.

सागाला भोक पाडताना हाताला जोर लागतो. भुसा कोरडा, पिवळसर निघतो. इथे वरचं बोटभर सिमेंट संपलं आणि ड्रिल एकदम आत गेलं. बाहेर आला तो काळा, ओला चोथा, चहाच्या गाळणीत उरतो तसा.

"काय झालं?" मागे उभे असलेल्या प्रधानकाकांनी विचारलं.

"दुसरा बघते," मी म्हटलं.

दुसराही तसाच निघाला.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. मीरा रोडच्या सोसायट्यांचे स्लॅब आणि कॉलम तपासणं हे माझं रोजचं काम. वरसाव्याचा हा बंगला वेगळा होता. प्रधानकाकांच्या आजोबांनी तो गिरगावातून हवापालटाला यायचं म्हणून बांधला होता. खाली-वर खोल्या, कौलारू छप्पर, पुढे रुंद व्हरांडा. आणि सगळा सांगाडा लाकडी. अशा घरात भिंती वजन उचलत नाहीत. वजन खांबांवर असतं. खांबांवर तुळया, तुळयांवर वरचा मजला. मधल्या विटा नुसत्या पडद्यासारख्या. सांध्यात खिळे नाहीत. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवायची आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. इतक्या सुबक खुंट्या मी क्वचितच पाहिल्यात.

काका रिटायर झाल्यावर बायकोबरोबर इथे राहायला आले. काकू गेल्या, तरी ते इथेच राहिले. मला बोलावलं होतं त्यांच्या मुलीने, अश्विनीने. वरच्या खोलीत ठेवलेली बाटली व्हरांड्याकडे घरंगळत जाते, हे तिच्या लक्षात आलं होतं.

माझ्याबरोबर रामाशीष नावाचा सुतार होता. त्याने कोपऱ्यातल्या खांबाचं सिमेंट छिन्नीने फोडलं आणि आत हात घातला.

"मॅडम, लकडी बची ही नहीं है. सिमेंट खड़ा है बस."

मी काकांना विचारलं, "हे सिमेंट कोणी केलं?"

त्यांचा चेहरा खुलला. "मीच! वाळवी लागली होती ना. पहिला खांब मिस्त्रीने केला, तो बघून मी शिकलो. मग दर उन्हाळ्यात थोडे थोडे. ही घमेलं उचलून द्यायची. पार वरपर्यंत पॅक केलेत, बघा. एक फट नाही."

एक फट नाही, हेच तर झालं होतं. जुने लोक खांब जमिनीत पुरत नसत. खाली दगडी बैठक ठेवून त्यावर उभा करत, म्हणजे पाण्यापासून दूर आणि वारा लागत राहतो. लाकूड भिजलं तरी सुकतं. काकांनी ती बैठक लादीखाली बुजवली आणि खांब सिमेंटने वेढला. खाडीची दमट हवा, छपराची गळती, जमिनीतली ओल, जे आत शिरलं ते आतच राहिलं.

निघताना अश्विनी गेटपर्यंत आली.

"मॅडम, रिपोर्टमध्ये जुनं झालं म्हणून लिहा ना. एवढं जुनं घर, कोणीही मानेल. बाबांना कळायला नको, त्यांनी आणि आईने..." 

मी मान डोलावली. मलाही तेच सोपं वाटत होतं.

दोन दिवसांनी काकांचा फोन आला. आवाजात उत्साह. "मॅडम, पुढचं तुम्ही बघा, पण मागच्या खोल्यांचे खांब मी सुरक्षित करून घेतोय. रेती येऊन पडलीय. उद्या मिस्त्री येतोय."

मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, तिथलेच खांब तेवढे उघडे होते. तेवढेच धडधाकट होते.

मी रिक्षा पकडून गेले. काका अंगणात रेती चाळत होते.

"काका, मागे सिमेंट लावू नका."

"का? आता तरी वेळेवर करू द्या मला."

"पुढचे खांब सिमेंटनेच कुजलेत."

त्यांनी चाळणी खाली ठेवली. मी सगळं समजावलं. हवा, ओल, दगडी बैठक.  शेवटी त्यांनी विचारलं, "आणि मी काहीच केलं नसतं तर?"

खोटं बोलायला तो क्षण बरा होता. मला सुचलं नाही.

"औषध मारून उघडे ठेवले असते, तर बहुतेक टिकले असते."

"वाळवी असूनसुद्धा?"

"वाळवीने थोडं खाल्लं असतं. एवढं नाही."

ते आत गेले. मला या म्हणाले नाहीत. मिस्त्रीला त्यांनी नको म्हणून कळवलं, ते मला नंतर समजलं.

खांब फक्त बुडाशी कुजला असेल, तर वरचं घर जॅकवर तोलून तेवढाच तुकडा बदलता येतो. इथे कुज वरपर्यंत चढली होती, तुळयांची टोकंही गेली होती. पावसाळ्याच्या आत पुढचा भाग उतरवावा लागला. तुळया खाली आल्या तेव्हा रामाशीषने एक मधोमध कापली. आत लखलखीत साग. वास अंगणभर पसरला.

"एकदम नया माल, साब," तो काकांना कौतुकाने म्हणाला.

काका उठून रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

अश्विनी मला म्हणाली, "तुम्ही सांगायला नको होतं." मी तिला मागच्या खोल्या दाखवल्या. तिने तिकडे पाहिलंही नाही.

त्या खोल्या आजही ठणठणीत उभ्या आहेत. कुलूप आहे. काका मुलीच्या फ्लॅटमध्ये राहतात. परवा अश्विनी भेटली, आता राग नव्हता. म्हणाली, बाबा घरात कशालाच हात लावत नाहीत. नळ गळला तर खाली बादली ठेवतात आणि प्लंबर येईपर्यंत शेजारी बसून राहतात.

जुनं घर तपासायला गेले की हल्ली मी वय नंतर विचारते. आधी विचारते, डागडुजी कोणी केली. उत्तर अभिमानाने आलं, की पुढचं बोलणं जड जाणार हे मला कळतं.