वरचं लोखंड, पोटातलं लोखंड

भट्टीतून काढलेलं लाल लोखंड तुम्ही कधी हातभर अंतरावरून पाहिलंय का? नसेल, तर बिभीषण लोहाराला हसलेल्या तिघा साहेबांशेजारी तुमचीही खुर्ची मांडायला हरकत नाही.

बिभीषण उमरग्याचा. हैदराबाद रस्त्याला त्याचं छप्पर. भाता बायको हरणाबाई ओढते. मी चौथी नापास, पण हाती पडेल ते वाचणारा. गेल्या उन्हाळ्यात एका मासिकातला लेख त्याच्या भट्टीपुढं वाचला. पृथ्वीच्या पोटात लोखंड आहे, भट्टीहून कितीतरी तापलेलं. तरी वरच्या दाबानं ते अगदी मधोमध घट्टच राहतं. तिथं त्याचा स्वभावही बदलतो. वर ज्या मूलद्रव्यांशी जमत नाही, त्यांच्याशी ते खाली जमवून घेत असावं, असं शास्त्रज्ञांना वाटतं.

"थापा," हरणाबाई म्हणाली. "तिथं कोन जाऊन आलंय?"

बिभीषणनं थंड पट्टी ऐरणीवर घेतली आणि ठोकत सुटला. पट्टी वाकेनाशी झाली, मग तडकली.

"बघ. दाबलं की आडमुठं व्हतं. माझ्या घनानं एवढं, तर अख्ख्या धरतीच्या वजनानं काय व्हईल?"

पुढं गावच्या शाळेत लोहारकाम शिकवायची जागा निघाली. अर्ज मीच लिहिला. साहेबांसमोर बिभीषणनं छिन्नी घडवली. तिघांनी फिरवून फिरवून बघितली, खोट सापडेना. मग तोंडी परीक्षा.

"लोखंडाचे गुणधर्म सांग."

"कुठल्या लोखंडाचे, साहेब? वरच्या का धरतीच्या पोटातल्या?"

तिघं हसले. "तू खाली राहून आलास वाटतं?"

तो समजावून सांगणार, तोवर त्याचा कागद मिटला. नापास. मी दारातच होतो. आत गेलो असतो तर माझा हात उठला असता, म्हणून गेलो नाही. निजाम गेला, राज्य मराठी झालं, हसणं तेच.

जागा सर्टिफिकेटवाल्याला मिळाली. दोन महिन्यांनी शाळेच्या बोथट छिन्न्या पोत्यात भरून आल्या बिभीषणकडंच, धार काढून, तापवून पाणी द्यायला. त्यानं दिलं. मी भडकलो तर म्हणतो, "लोखंडावर कशाला राग काढू?"

येत्या जूनमध्ये दुसरी जागा निघतेय. तो अर्ज करत नाही. "पुन्हा हसतील," म्हणतो.

तुमची पोरं त्या शाळेत असतील, तर हेडमास्तरांना दोन ओळी लिहा. बिभीषणला परत बोलवा म्हणावं, आणि या खेपेला त्याचं उत्तर पुरतं ऐका.