सगळं दोन-दोन ठेवणारे आमचे साडू

जगात कुठलीही वस्तू एकटी ठेवू नये, तिच्या जोडीला तिच्यासारखीच दुसरी हवीच, या एका विचारावर आख्खं आयुष्य उभारणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो देवाने मला साडू म्हणून दिला. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान. नोकरी पुण्याच्या कंपनीत. पण लॉकडाऊनमध्ये कळंबला आपल्या घरी आले ते इथूनच काम करू लागले. मी कळंबच्याच शाळेत मास्तर, घर त्यांच्याच गल्लीत, त्यामुळे हा माणूस मला उठता-बसता पाहायला मिळाला. त्यांच्याकडे गॅसच्या शेगड्या दोन, मिक्सर दोन, इन्व्हर्टर दोन. चष्मेही दोन, एक नाकावर आणि एक खिशात, आणि खिशातला जागेवर आहे ना हे ते भाषण ऐकताना, जेवताना, देवाला हात जोडतानासुद्धा चाचपून पाहत. स्कूटर दोन होत्या आणि दोन्ही रस्त्यात बंद पडत, कारण ही आहेच या भरवशावर तिच्यात पेट्रोल भरायचं राहायचं आणि ती आहेच या भरवशावर हिच्यात. मग ते घाम पुसत माझ्या दारात येत आणि माझी जुनी मोटारसायकल घेऊन जात. वर माझ्या गाडीचं कौतुकही करत, की साडभाऊ, तुमची कधी बंद कशी पडत नाही.

त्यांचं काम नेमकं काय, हे मला समजावून देण्यासाठी त्यांनी एकदा मेव्हणीच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली उतरवले होते. एकेक प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या साऱ्या सामानासकट एकेका डब्यात बंद करायचा, हे म्हणे कंटेनर. असे पुष्कळ डबे लांब कुठेतरी भाड्याने घेतलेल्या कॉम्प्युटरांवर ठेवायचे. त्या भाड्याच्या जागेला क्लाउड म्हणतात आणि एकत्र बांधलेल्या कॉम्प्युटरांच्या जथ्याला क्लस्टर. असे क्लस्टर उभे करायचे, त्यांची घडी बसवायची, आणि कुठला डबा किती संख्येने चालू असावा हे एकदा लिहून ठेवायचं. मग एखादा डबा मेला तर त्याच्या जागी तसाच दुसरा आपोआप उभा राहतो, गर्दी वाढली की डबे वाढतात, ओसरली की कमी होतात, आणि बाहेरच्या माणसाला यातलं काही कळतही नाही. बसची तिकिटं विकणारी एक कंपनी त्यांची गिऱ्हाईक होती. दिवाळीत अर्धा महाराष्ट्र तिकीट काढायला धावतो तेव्हा कळंबमध्ये बसलेल्या या माणसाने रचलेले डबे भराभर वाढत, याचा मला उगाचच अभिमान वाटे. त्या दिवशी मला सगळं समजलं. फक्त डबे परत लावताना हिंग आणि मीठ यांच्या जागा बदलल्या आणि मेव्हणी चार दिवस बोलली नाही.

ही विद्या त्यांनी घराबाहेरही चालवून पाहिली. माझ्या पुतणीच्या मुलीच्या बारशाला पंगतीची व्यवस्था त्यांनी हौसेने मागून घेतली. सुरुवातीला झकास चाललं. गर्दी दिसली की नवे वाढपी उभे करत, पंगत रिकामी झाली की त्यांना बसवून टाकत. मोकळा माणूस उभा ठेवणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने पाप. शेवटी तिघंच वाढपी राहिले आणि तेवढ्यात फुलसावंगीचे पाहुणे, वाटेत टायर पंक्चर झाल्यामुळे उशीर झालेले आणि भुकेने कावलेले, टेंपो भरून एकदम उतरले. यांनी लगेच वाढप्यांना उठा म्हणून सांगितलं. पण बसवलेले वाढपी तोवर स्वतःच जेवायला बसले होते, आणि श्रीखंडात बुडालेला हात काही लगेच वरणाच्या बादलीला लावता येत नाही. यांनी हात मागे बांधून तो गोंधळ पाहिला आणि मला गंभीरपणे सांगितलं की आमच्याकडेही हेच होतं, नवा डबा उभा राहायला जरा वेळ लागतोच.

ते कुणाला हुकूम कधी सोडत नसत. काय करा हे सांगायचं नाही, काय असावं एवढंच सांगायचं, बाकी ज्याचं त्याने पाहावं, ही त्यांच्या कामाची रीत. त्यामुळे चहा कर असं न म्हणता ते ओट्याकडे पाहून "इथं दोन कप चहा असावा" असं म्हणत. न्हाव्याने कसे कापू विचारलं, तर कानावर बोटभर केस असावेत आणि मान दिसावी, मधलं तू ठरव, असं त्याला सांगून डोळे मिटत. न्हाव्याने एकदा खरंच ठरवलं. त्यानंतर बरेच दिवस साडू दोन टोप्या वापरत होते.

पण खरी गंमत होती ती बाप-लेकाची. साडूंचे वडील, ज्यांना आख्खी गल्ली अप्पा म्हणते, ते तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. लेक बिघडलेली वस्तू दुरुस्त करण्याच्या विरुद्ध, तर अप्पा वस्तू टाकण्याच्या विरुद्ध. लेक बंद पडलेला पंखा भंगारात काढी, आणि संध्याकाळी तोच पंखा अप्पांच्या खोलीत कुरकुरत फिरत असे. लेकाने फेकलेली चप्पल अप्पांच्या पायात, लेकाने फेकलेली इस्त्री अप्पांच्या धोतरावर. त्यामुळे त्या घरात सगळं दोन-दोन होतं असं मी म्हटलं ते खरं तर चुकीचं आहे, अप्पांच्या खोलीत तिसरं असायचंच. साडू चिडत नसत. मला म्हणत, "त्याले समजते की आपून टाकलं. पण त्याच्या हातात आलं की ते चालतेच, साडभाऊ. काहून चालते ते मले आजवर समजलं नाही." यात केवढं प्रेम होतं, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नसावं.

साडू कळंबला राहत होते ते अप्पांसाठीच. साडूंच्या आई गेल्यानंतर, लॉकडाऊन उठल्यावर, मेव्हणीने अप्पांना पुण्याला नेऊन पाहिलं होतं. तिथल्या इमारतीत सगळे मजले सारखे, सगळी दारं सारखी. अप्पा खाली फिरायला गेले आणि परत येताना भलत्याच मजल्यावरच्या, भलत्यांच्या घरात जाऊन खुर्चीवर बसले. ते लोक भले होते, त्यांनी पाणी दिलं. पण अप्पांनी ते फार मनाला लावून घेतलं. जेवण तुटलं, बोलणं तुटलं. कळंबला आणलं, देवळापर्यंत दोन चकरा झाल्या आणि पुन्हा भाकर मागू लागले. तेव्हा त्यांनी लेकाला एवढंच सांगितलं होतं की मले पुन्हा तिकडे नेऊ नको. साडूंनी कंपनीला विचारलं. कंपनी म्हणाली, रहा तिकडेच, पण तुम्ही कुठे बसता हे गिऱ्हाईकाला कधी जाणवता कामा नये. ही अट साडूंनी आनंदाने मान्य केली. दोन-दोनचा नाद जो मुळात होता, तो त्या दिवसापासून धर्म झाला.

आमच्या गल्लीत मोबाइलचं नेट नावालाच येतं, म्हणून त्यांनी इंटरनेटच्या दोन लाईनी घेतल्या. दोन वेगळ्या कंपन्यांच्या, मुद्दाम. एक पुढच्या दारातून आत आणली, दुसरी मागच्या. दोन इन्व्हर्टर, दोन लॅपटॉप. एकदा मला बोलावून त्यांनी एक लाईन काढून दाखवली. काम थांबलं नाही. मग ती लावून दुसरी काढली. तरी थांबलं नाही. अप्पा दारात उभे राहून हे पाहत होते. काहीतरी मुद्दाम तोडायचं आणि काही बिघडलं नाही म्हणून खूश व्हायचं, हा खेळ त्यांना पसंत नव्हता, पण लेकाचा चेहरा पाहून ते हसले.

मग कापसाचा हंगाम आला, आणि त्याच दिवसांत तिकिटवाल्या कंपनीचं आख्खं बिऱ्हाड जुन्या क्लस्टरमधून नव्यात हलवायचं ठरलं. नवं क्लस्टर साडूंनी काही महिने खपून उभं केलं होतं. दुपारची, तिकिटांना गर्दी नसलेली वेळ त्यांनी निवडली. रविवार होता आणि मी बघ्या म्हणून बाजूला बसलो होतो. नवं सुरू झालं, तिकिटं निघू लागली, आता जुनं बंद करायचं, एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मोठा आवाज झाला आणि दोन्ही लॅपटॉप गप्प झाले. साडूंनी पहिली लाईन पाहिली, दुसरी पाहिली. मग चपला न घालता बाहेर धावले, त्यांच्यामागे मी.

कापसाने शिगोशीग भरलेला एक ट्रक वळणावर तारांत अडकला होता आणि त्याने खांब खाली ओढला होता. आमच्या गल्लीत तो एकच खांब. दोन्ही कंपन्यांच्या माणसांनी आपापली केबल, दुसरी सोय नाही म्हणून, त्याच खांबावरून ओढली होती. घरात शिरताना एक पुढून आणि एक मागून शिरली होती हे खरं, पण घराबाहेर पडल्यावर दोघी एकाच खुंटीला टांगलेल्या होत्या. आम्ही सगळे रोज त्या खांबाखालून जात होतो आणि कुणालाही ते दिसलं नव्हतं. साडूंनी वाकून दोन्ही केबलींची तुटकी टोकं पाहिली. मग सावकाश म्हणाले, "मी दोन लाईनी घेतल्या, साडभाऊ. पण त्या येतात कुठून, हे पाहालेच गेलो नाही."

मी त्यांना मोटारसायकलवर घालून बसस्टँडपर्यंत नेलं, तिथे मोबाइलला नेट मिळतं. सीटवर लॅपटॉप ठेवून ते उन्हात उभे राहिले. पण ते जोडले जाईपर्यंत आणि पुण्याच्या कचेरीतल्या लोकांना काय झालंय हे कळून ते मधे पडेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. जुनं बंद झालं नव्हतं आणि नवं चालू झालं होतं, दोन्ही तिकिटं विकत होती, आणि एकेक सीट दोन-दोन माणसांना विकली गेली होती. त्या आठवड्यात कुठल्या कुठल्या बसमध्ये लोक एकमेकांना आपलं तिकीट दाखवत भांडले असतील. एरवी मी यावरून साडूंना वर्षभर चिडवलं असतं.

साडूंची कंपनी रागावली नाही. फार सभ्य शब्दांत सांगितलं की आता तुम्ही पुण्यालाच या. फोन संध्याकाळच्या आत आला. फोन ठेवून साडू दारापुढच्या ओट्यावर आले, तर अप्पा तिथे बसलेले. रस्त्यावर पडलेली ती तुटकी केबल त्यांनी गोळा करून आणली होती आणि चाकूने टोक सोलून, चिकटपट्टी घेऊन ते जोडत होते. नेटच्या केबलीत तारेऐवजी काच असते, केसाइतकी बारीक. ती अशी जुळत नसते, हे मलाही माहीत होतं. अप्पा मान वर न करता म्हणाले, "थांब जरासा. जोडून राह्यलो. मंग तुले जा लागणार नाही."

आयुष्यात कधी कुठली वस्तू दुरुस्त न केलेले आमचे साडू खाली बसले आणि त्यांनी दुसरं टोक दोन्ही हातांनी धरलं. याने काही होणार नाही, असं ते बोलले नाहीत. दिवे लागणीपर्यंत दोघं तसेच बसले होते. मला तिथे थांबवेना, म्हणून मी घरी आलो आणि कारण नसताना बायकोवर ओरडलो.

अप्पांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. महिनाभरात सगळे पुण्याला गेले. जाताना साडूंनी दोन्ही स्कूटर मला देऊ केल्या, मी एकही घेतली नाही, आणि घेतली असती तर बरं झालं असतं असं आता वाटतं. निदान बंद पडल्यावर त्यांच्या नावाने बोटं मोडता आली असती. गल्लीत आता कुणी घाम पुसत माझ्या दारात येत नाही. माझी मोटारसायकल दिवसचे दिवस दाराशी उभी असते.

मागच्या महिन्यात साडूंचा फोन आला. कंपनीत नवे साहेब आलेत, पुन्हा कुठूनही काम करायची परवानगी मिळते आहे. मी म्हटलं, मग या ना. तर म्हणाले, मुलीचं कॉलेज इथं लागलं, हिचंही बस्तान बसलं, तरी मी अप्पांना विचारलं. अप्पा म्हणाले की इथंच बरं आहे, आता मले सवय झाली. हे सांगताना साडूंचा आवाज हलका झाला होता. फार दिवसांचं ओझं उतरलेल्या माणसाचा असतो तसा. मग त्यांनी फोन अप्पांकडे दिला.

अप्पांनी माझ्या शाळेची चौकशी केली, कापसाला भाव काय ते विचारलं. लेक दुसऱ्या खोलीत गेला असावा, कारण त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"गुरुजी, आपल्या गल्लीतला खांब उभा केला का त्याहीनं?"

मी म्हटलं, केला. सिमेंटचा आहे, चांगला मजबूत. आणि मागच्या बाजूने दुसराही टाकला.

मागे म्हणजे नेमका कुठे, हे त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाले, "बरं झालं. पण याले सांगू नका. मले सवय झाली म्हटलं, ते तसंच राहू द्या. आता इथं त्याचं जमलं. उगाच जीव लागीन त्याचा तिकडे."

मी बरं म्हटलं. शाळेत जाताना दोन्ही खांब दिसतात, आणि त्या बाप-लेकाचा मला इतका राग येतो की वाटतं आत्ताच्या आत्ता फोन करून दोघांनाही सगळं सांगून टाकावं. अजून केलेला नाही.