अक्काची कवायत

रऊफभाईंचा फोन आला तेव्हा मी आजऱ्यात, काजूच्या कारखान्याच्या दारात उभा होतो. रऊफभाई म्हणजे कोल्हापुरात माझ्या बहिणीच्या शेजारी राहणारे गादीवाले. ते म्हणाले, "शमूभाई, अक्का गेल्या. झोपेतच..." आणि मग म्हणाले, "माणसं कवायतीला आल्यात. चर्चच्या अंगणात उभी हाईत. काय सांगू त्यास्नी?"

बहीण गेल्याची बातमी आणि तिच्या कामाची चौकशी, दोन्ही एकाच फोनात. दुसऱ्या कुणी असं विचारलं असतं तर मी फोन आपटला असता. पण अक्काला ओळखणारा माणूस दुसरं काय विचारणार? "आज घरी जाऊ द्या त्यांना," मी म्हणालो. उद्याचं काय, हे त्यांनी विचारलं नाही आणि मला ठाऊकही नव्हतं. ती कवायत अक्काबरोबर मातीत जाणार की राहणार, हा प्रश्न मात्र त्या सकाळपासून माझ्या मानगुटीवर बसला.

एस्तेरअक्का माझी थोरली बहीण. मुलींच्या एका शाळेत ती खेळाची शिक्षिका होती. कोल्हापुरात मोठ्यानं बोलणं हा काही गुण नव्हे, सगळेच बोलतात. पण अक्काचा आवाज कोल्हापूरकरांनासुद्धा मोठा वाटायचा. तिनं मैदानाच्या या टोकाला 'सावधान' म्हटलं की त्या टोकाचा भेळवालाही हात थांबवतो, असं तिच्या विद्यार्थिनी सांगायच्या. ईस्टरच्या आदल्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, आमच्या गल्लीतून चर्चच्या मंडळीची मिरवणूक निघायची, तिच्या पुढं अक्का. हातात नारळाची झावळी आणि पहिली 'होसान्ना' तिची. गल्लीतली हिंदू-मुसलमान घरं दारात येऊन उभी राहायची. "आलं बघा अक्काचं पथक," असं कुणीतरी म्हणायचंच. भावानं बहिणीचं फार कौतुक करू नये म्हणतात. मी करणार. ज्याला खटकेल त्यानं पान उलटावं.

तिचे यजमान, आमचे दाजी, तिच्या अगदी उलट. छापखान्यात नोकरी, बोलणं जेवढ्यास तेवढं, आणि रविवारी उपासनेला पेटी. पेटीवर बसले की मात्र हा माणूस खुलायचा. त्यांची बोटं लागली की म्हाताऱ्याकोताऱ्यांचे गळेसुद्धा सुरात यायचे. अशा माणसाची उजवी बाजू एका सकाळी दात घासता घासता गेली. अर्धांगवायू. हात लुळा, पाय ओढत, जीभ जड. डॉक्टरांनी औषधं दिली, व्यायाम सांगितला आणि वाट बघा म्हणाले.

वाट बघणं अक्काच्या स्वभावातच नव्हतं. तिनं ठरवलं, देव ह्यांना बरं करणार. करील की नाही, हा प्रश्न नव्हताच. ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस सुरू होते. तिनं अन्न सोडलं, पहाटे उठून गुडघे टेकले. गावाबाहेरच्या मैदानावर प्रार्थनेनं रोगी बरे करण्याची चंगाई सभा होती, बाहेरून कुणी प्रचारक आले होते, तिथंही ती दाजींना रिक्षात घालून घेऊन गेली. मी बरोबर होतो. हजारो माणसं हात वर करून रडत होती. दाजींच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, दोघांनी धरून त्यांना उभं केलं, टाळ्या झाल्या, आणि धरणाऱ्यांनी हात सोडताच ते माझ्या अंगावर कोसळले. त्या प्रचारकांना मी खोटं म्हणत नाही. माणूस कळकळीनं प्रार्थना करत होता. पण दाजींचा हात काही हलला नाही.

अक्का खचली असेल असं वाटेल तुम्हाला. छे! घरी येताना रिक्षातच म्हणाली, "ईस्टरला करणार तो. त्याचा दिवस तोच हाय." आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं गल्लीभर आमंत्रणं सुरू केली. "पुनरुत्थानाच्या रविवारी चर्चला या. ह्यांची पेटी ऐकायला या." दूधवाल्याला सांगितलं, शाळेतल्या बायकांना सांगितलं, रऊफभाईंच्या घरी तर दोनदा. दाजी खुर्चीत बसून ऐकायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. मी एकदा म्हटलं, "अक्का, देवाला विचारून तरी आमंत्रण द्यायचं." तिनं असं बघितलं माझ्याकडं, की मी पुढं तोंड उघडलं नाही.

रविवार उजाडला. आमच्या छोट्या चर्चमध्ये एवढी माणसं मी आजवर बघितली नव्हती. शेजारीपाजारी इस्त्रीचे कपडे घालून मागच्या बाकांवर बसलेले. दाजींना चाकाच्या खुर्चीतून पेटीसमोर आणलं. अक्कानं त्यांचा उजवा हात उचलून पट्ट्यांवर ठेवला आणि मागं सरकली. पाळकसाहेब थांबले. सगळे थांबले. तो हात तिथंच पडून राहिला. अक्काचे ओठ हलत होते. हात काही हलला नाही.

मग दाजींनी डाव्या हातानं उजवा हात उचलला, मांडीवर ठेवला. डावा हात पट्ट्यांवर आणला आणि जड जिभेनं म्हणाले, "एस्तेर, भाता तू ओढ."

ती जागची हलली नाही. त्यांनी परत सांगितलं. चर्चभर माणसं बघत होती, जिनं सगळ्यांना चमत्कार बघायला बोलावलं होतं तिच्याकडं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर अक्का पुढं आली, नव्या पातळानिशी फरशीवर गुडघे टेकून बसली आणि पेटीचा भाता ओढायला लागली. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. कधी हवा जास्त, कधी सूर मध्येच विझायचा. डाव्या हाताची बोटं चुकत होती. दोघांनी मिळून एक गाणं कसंबसं शेवटाला नेलं. इतकी बेसूर पेटी त्या चर्चनं कधी ऐकली नसेल, आणि इतकी माणसं रडतानाही बघितली नसतील.

त्या संध्याकाळी ती अंगणात बसली होती. आमच्याकडं बायकासुद्धा 'आलो, गेलो'च म्हणतात, तशी ती म्हणाली, "शमू, मी देवाला सांगत हुतो, ह्यांचा हात उचल. आन् तो मला सांगत हुता, तू उचल. दोघंबी आपापलं वरडत बसलो. ऐकायचं कुनी?"

दुसऱ्या सकाळपासून कवायत सुरू झाली. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तिनं दवाखान्यात जाऊन, चार वेळा विचारून, नीट शिकून घेतला आणि चर्चच्या अंगणात दाजींना उभं केलं. शिट्टी आणि आकडे शाळेतलेच. "एक! दोन! अवो, पाय उचला, ओढू नका!" असं खुद्द नवऱ्याला भर अंगणात. हसून हसून माझी मुरकुंडी वळायची. हळूहळू आणखी कुणाचा सासरा आला, कुणाची आई आली. पाळकसाहेबांनी फाटकाचं कुलूप काढून टाकलं. पुढं रऊफभाईंचीच डावी बाजू गेली, आणि पेटी ऐकायला इस्त्रीचा सदरा घालून आलेले ते आता लुंगीवर कवायतीला आले.

लोक तिला काय काय समजायचे! जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबऱ्याचं दुकान असलेले एक गृहस्थ होते. चार महिन्यांत काठीशिवाय चालायला लागले. एके दिवशी हार आणि नारळ घेऊन आले आणि तिच्या पायावर डोकं ठेवायला वाकले. "अक्का, तुमच्यात देवी हाय." अक्का दोन पावलं मागं सरून म्हणाली, "माझ्यात बीपी हाय. उठा आदी." नारळ तिनं सगळ्यांना फोडून वाटला. हार काही गळ्यात पडू दिला नाही. "आता बरं झालासा न्हवं? मग उद्या लवकर या. ती म्हातारी नवीन हाय, तिचा कोपर धरायचा तुमी."

हा तिचा नियम होता. जो बरा होईल त्यानं दुसऱ्याचा कोपर धरायचा. आभार नकोत, देणगी नको, पाया पडणं तर मुळीच नको. रोग्याच्या लुळ्या बाजूला उभं राहायचं, तळहातावर कोपर तोलायचा आणि त्याच्या पावलानं चालायचं. पुष्कळ जण बरे झाल्यावर पुन्हा फिरकले नाहीत. त्यांना ती शिव्या द्यायची नाही. "जाऊ द्या, पायानं गेलं की, खुर्चीतनं न्हाय," म्हणायची. पण जे राहिले त्यांच्यावर तिचा फार जीव. तो दुकानदार वर्षभर डोंगर उतरून येत होता, आणि बरे झालेले रऊफभाई तर कायमचेच राहिले.

झावळ्यांच्या रविवारी पहिली आरोळी तिचीच राहिली. पण आता ती मिरवणूक संपल्यावर मंडळीला चार शब्द ऐकवायची, पाळकसाहेबांनी कितीही घड्याळ बघितलं तरी. "होसान्ना म्हंजे आमाला तार. मागायला काय लागतंय? तारणारा शेरात आला त्या दिवशी सगळं यरुशलेम रस्त्यावर हुतं. त्यास्नी राजा पायजे हुता, रोमी शिपायास्नी हाकलणारा. शुक्रवारी त्याच्या खांद्यावरचा वधस्तंभ उचलायला त्यातलं एक जण पुढं आलं न्हाय. शेवटी शेतावरनं येणारा कोन वाटसरू, त्याला धरून आणला." तिचं ख्रिस्तीपण एवढंच होतं, आणि तिला ते पुरलं. मी धर्मशास्त्र शिकलेली मोठमोठी माणसं ऐकली आहेत. माझ्या बहिणीइतकं सरळ मला कुणी सांगितलेलं नाही. तारणारा येईल म्हणून ती वाट बघत होती, तो आला आणि तिलाच कामाला लावून बसला, असं ती हसत सांगायची.

दाजी पूर्ण बरे कधीच झाले नाहीत. हे स्पष्ट लिहितो, कारण अशा लेखांत शेवटी सगळं गोड होतं. ते शेवटपर्यंत डाव्या हातानं वाजवत राहिले, अक्का भाता ओढत राहिली, आणि काही वर्षांनी ती पेटी ऐकण्यासारखी झाली होती. ते गेले तेव्हा दफन आटोपून आम्ही सगळे घरी दमून पडलो. दुसऱ्या सकाळी चर्चच्या अंगणातून आवाज आला, "एक! दोन!" मी धावत बाहेर गेलो. तिचे डोळे सुजलेले होते आणि तिनं एका परक्या माणसाचा कोपर धरला होता. मला अभिमान वाटला, असं म्हणणं कमी आहे. आम्ही एका आईच्या पोटी जन्मलो याचा मला त्या सकाळी गर्व झाला, आणि गर्व हे पाप असेल तर ते मी केलं.

आणि आता तीच नव्हती. तिच्या दफनाला अर्धं कोल्हापूर लोटलं. सगळे एकच म्हणत होते, कवायत बंद पडता कामा नये. मंडळीची बैठक झाली. मिरजेहून कुणी जाणकार आणावा, एखादी संस्था बघावी, कुणीतरी यायला पाहिजे, असं प्रत्येकानं मनापासून सांगितलं. मीही सांगितलं. चहा झाला. आठवडे गेले, पण कुणी आलं नाही.

परवा तिच्या स्मरणाच्या उपासनेला मी कोल्हापुरात होतो. दुसऱ्या सकाळी एस.टी. पकडायला निघालो, खांद्याला पिशवी होती. चर्चच्या अंगणात डोकावलो तर रऊफभाई आणि तिघे-चौघे जण, ज्याला जमेल तसे पाय उचलत होते. तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. कागलकडचं एक जोडपं होतं. नवऱ्याची उजवी बाजू गेलेली, बायकोनं त्याला कसंबसं उतरवलं. "हितं अक्का असतात न्हवं? लांबनं आलोय, पावणं. त्यांच्या हातानं माणूस बरं हुतंय म्हंत्यात."

रऊफभाईंनी सांगितलं, "अक्का गेल्या, ताई."

तिचं तोंड एवढंसं झालं. तिनं नवऱ्याकडं बघितलं, रिक्षाकडं बघितलं. "मग आता बरं कोन करनार ह्यास्नी?"

"त्ये मला न्हाय म्हायती," रऊफभाई म्हणाले. "अक्कांनाबी न्हवतं. हात कोन धरनार, त्येवढं इचारा."

आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी दोन्ही बाजूंना एकेकाचा कोपर धरला होता, त्यांचे हात मोकळे नव्हते. आजऱ्याची गाडी सुटायला थोडाच वेळ होता. मी फाटकाच्या आत आलो, पिशवी पायरीवर ठेवली, चपला काढल्या आणि त्या माणसाच्या उजव्या बाजूला उभा राहिलो. कोपर कसा धरायचा ते मला कुणी शिकवलं नव्हतं. तो माझ्या तळहातावर जड पडला.

"उचला पाय," मी म्हणालो. "मी हाय."