झोपलेले मटार

फ्रीजर उघडण्याआधी काकू त्याच्या दारावर बोटानं टकटक करायच्या. "आहे का कोणी घरात?" असं विचारायच्या, आणि आतून उत्तर आलं नाही की खूश होऊन म्हणायच्या, "झोपलेत सगळे!"

सगळे म्हणजे मटार, भेंडी, पालक, खोबऱ्याचा कीस आणि पराठे. दुकानातून पाकिटात आलेले.

मी नववीत शाळा सोडलेली, लग्न होऊन थेट अमेरिकेत, बर्फाळ ईडन प्रेरीत येऊन पडलेली. नवरा ट्रकवर, घरी पाहुण्यासारखा. हॉटेलच्या लाँड्रीत काम मिळालं होतं आणि ते सुटेल या धास्तीनं मी गजराच्याही आधी उठायचे. तरी उशीर व्हायचा. कणीक मळा, पोळ्या लाटा, भाजी चिरा! दोनदा कामाची व्हॅन मला न घेता गेली. सुपरवायझरबाईंनी सांगून टाकलं, आता चुकली तर येऊच नकोस.

जिन्यात बसून रडत होते, तर वरच्या मजल्यावरच्या काकू उतरत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "एवढंच? रविवारी डबे घेऊन ये."

"पण काकू, पाकिटातलं म्हणजे शिळंच ना?"

"शिळं नाही गं बाई, झोपलंय. आपण फक्त उठवायचं."

रविवारी दोघींनी आठवड्याचे डबे भरले. फ्रीजरमध्ये जागा संपली, तेव्हा काकूंनी बाल्कनीचं दार उघडलं आणि उरलेले डबे सरळ बर्फात खोचले. तुम्ही बाल्कनीत पापड वाळत घातलेले पाहिले असतील. मी उसळ गोठत ठेवलेली पाहिली.

सोमवारी पहाटे अंधारातच त्यांच्या बाल्कनीतून हाताला लागला तो डबा उचलला आणि पळाले. व्हॅनच्या आधी मी हजर! दुपारी डबा गरम करून उघडते, तर आत मोदक. माघी गणपतीसाठी काकूंनी आणून ठेवलेले.

तेवढ्यात सुपरवायझरबाई समोर येऊन बसल्या. "ओह, डम्पलिंग्ज!" म्हणत एक उचलला आणि त्यावर लालभडक तिखट सॉस ओतला. थांबवायला माझ्याजवळ इंग्रजी नव्हतं. त्यांनी चावला. डोळे गोल झाले. गेली नोकरी, मी मनात म्हटलं.

"व्हॉट इज धिस?"

घाबरून मी काकूंचंच सांगितलं. "स्लीपिंग. नाऊ... गुड मॉर्निंग."

बाई इतक्या हसल्या की सॉस नाकात गेला. मग दुसरा मोदक उचलला, नुसताच. जाताना म्हणाल्या, "सी यू टुमॉरो." हे मात्र मला नीट समजलं.

संध्याकाळी ऐकून काकू हसत हसत जमिनीवर बसल्या. "अगं, पण आता गणपतीला काय दाखवू?"

"मटार?"

"चालेल. त्यालाही बिचाऱ्याला कामं असतातच."

पुढे एकदाही माझी व्हॅन चुकली नाही. दोन हिवाळ्यांनी काकू मुलीकडे प्लेनोला निघाल्या, कायमच्या. विमान दुपारचं होतं. म्हटलं, "सुट्टी घेते, सोडायला येते."

"काही नको. कामाला जायचं."

म्हणजे निघायच्या त्या होत्या आणि निरोप मला मिळाला. गाऊनवर जाड कोट चढवून व्हॅनपर्यंत आल्या, माझा मफलर नीट केला, ड्रायव्हरला चक्क मराठीत बजावलं, "सावकाश ने रे हिला." मान वळवून मी मागच्या काचेतून पाहत राहिले. त्या हात हलवतच होत्या. मग माझ्याच श्वासानं काच धुरकटली. बाहीनं पुसली, तोवर व्हॅन वळली होती.