तिचं उत्तर तिलाच विचारलं तेव्हा

दीड महिना झाला असेल. मंगळवार होता, माझा वीकली ऑफ... भिलाईतल्या स्टील प्लांटच्या आमच्या क्वार्टरसमोर स्कूटर धुवून नुकताच बसलो होतो, तेवढ्यात गेटवर एक बाई आल्या. गळ्यात आयकार्ड, हातात टॅब, उन्हासाठी ओढणीने तोंड बांधलेलं.

सरकारचा आरोग्याचा सर्व्हे आहे, म्हणाल्या. खरं सांगतो, मला कंटाळाच आला... पण त्या लांबच्या अहिवारा गावाहून स्कूटीवर आल्या होत्या, आणि आमच्याच लाइनीत दोन घरांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. बायको म्हणाली, "आत तं बोलवा त्यांले, पाणी तरी पिऊ द्या."

साहू मॅडम त्यांचं नाव. पाणी पिता पिता त्यांनी काम समजावून सांगितलं. दवाखान्यात भरती झालेल्यांची नोंद असते, पण जे ओपीडीत दाखवून, गोळ्या घेऊन घरी येतात त्यांचं काही जुळत नाही... प्लांटच्या हॉस्पिटलचं रजिस्टर वेगळं, सरकारी दवाखान्याचं वेगळं, प्रायव्हेटवाल्यांचं तर विचारूच नका. म्हणून घरोघर विचारून ते सगळं एका ठिकाणी आणायचं चाललंय.

प्रश्न सोपे होते. गेल्या महिन्याभरात घरातलं कोण, कोणत्या डॉक्टरकडे, कशासाठी गेलं? मी पटापट सांगत सुटलो. बाबा प्लांटमधून रिटायर झालेले, त्यांची शुगर, दोनदा चेकअप. मुलीचा ताप एकदा. मी आणि बायको ठीक.

"और माताजी?"

"उनको कुछ नहीं है, एकदम फिट," मी म्हणालो. खोटं बोलत नव्हतो... मला खरंच तसं वाटत होतं. पहाटे उठून सगळ्यांच्या आधी कामाला लागणारी बाई, तिला काय होणार?

मॅडमनी टॅबवरचं बोट थांबवलं. "भैया, जो घर में हैं उनसे खुद पूछना पड़ता है. नियम है."

मी हसलो आणि आईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, वेताच्या मोड्यावर बसली. मॅडमनी तोच प्रश्न हळू आवाजात विचारला. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहत म्हणाली, "मी गेली होती. दोन खेपा. दुर्गले, सरकारी दवाखान्यात, डोळ्याच्या ओपीडीत."

शेजारी बसलेल्या बाबांनी हातातला पेपर खाली ठेवला. मला वाटलं, ती कोणा दुसऱ्याबद्दल सांगून राहिली आहे...

डाव्या डोळ्याने बाजूचं दिसत नव्हतं तिला. कित्येक महिने! शेजारच्या काकू तिकडे जात होत्या, त्यांच्या ऑटोत बसून ही गेली. प्लांटच्या हॉस्पिटलात गेली असती तर आम्हाला कळलं असतं, म्हणून दुर्ग.

मॅडमचा पुढचा प्रश्न होता, इलाज पूर्ण झाला का? आईने मानेनेच नाही म्हटलं. डॉक्टरांनी एक तपासणी सांगितली होती. डोळ्यांत औषध टाकतात, मग काही तास धूसर दिसतं, म्हणून घरचं माणूस सोबत आणा म्हणाले... तिसऱ्या खेपेला ती गेलीच नाही.

"क्यों नहीं गईं, माताजी?" आणि मॅडम स्क्रीनवरची कारणं एकेक वाचू लागल्या. दवाखाना लांब आहे. खर्च परवडत नाही. रांग मोठी असते. भरवसा नाही. सोबत नेणारं कोणी नाही...

"हेच," आई म्हणाली. "साथ कोणी नव्हतं."

पाच माणसांच्या घरात, आमच्या सगळ्यांच्या समोर बसून, अगदी साध्या आवाजात. रागाने नाही. तक्रार म्हणूनही नाही. विचारलं म्हणून सांगितलं, बस्स. मॅडमनीही मान वर न करता त्या कारणावर बोट ठेवलं.

त्या गेल्यावर मी चिडलोच. "कावून नाही सांगितलं मले?"

"तुयी शिफ्ट, तुया बाबाची शुगर, पोरीची परीक्षा... त्याच्यात माया डोळा कुठं आणू?"

मग एकेक आठवायला लागलं. ती विहारातल्या रविवारच्या वंदनेला जात नव्हती, आम्ही म्हणायचो गुडघे दुखत असतील. उंबऱ्यात दोनदा ठेचकाळली, आम्ही म्हणालो घाई करते. प्रत्येक वेळी उत्तर आम्हीच देऊन टाकलं होतं...

गुरुवारी सुट्टी टाकली आणि आईला दुर्गला घेऊन गेलो. रांगेत तीन तास बसलो. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, जितनी नज़र गई वो वापस नहीं आएगी, पर बाकी बच सकती है... आणखी सहा महिने उशीर झाला असता तर दुसऱ्या डोळ्याचंही अवघड होतं.

आता रोज दोन वेळा थेंब टाकायचे असतात. परवाच्या तपासणीत डोळ्यांचं प्रेशर उतरलेलं निघालं. त्या दिवशी घरी येताना स्कूटरवर मागून तिने मला दोनदा टोकलं, "हळू चालव ना रे!" बरं वाटलं, स्वतःसाठी काहीतरी मागितलं तिने.

आईला विचारून, तिने हो म्हटल्यावरच हे लिहितोय. साहू मॅडमच्या टॅबमधलं आमचं घर आता रायपूरला की आणखी कुठे, एखाद्या मोठ्या तक्त्यातली एक ओळ झालं असेल. तिथे बसलेल्या कोणी तरी ते कारण नीट वाचावं, एकट्या येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी ओपीडीत काही सोय करावी, एवढीच इच्छा. पण ते होईल तेव्हा होईल...

या घरात माझ्या आईला समोर बसवून "तुमचं काय?" असं विचारणारं पहिलं माणूस आमच्या घरातलं नव्हतं. मॅडम, तुमचे आभार कसे मानू, कळत नाही.