हवालदारकाकांचा डावा कान

आमच्या अबुधाबीच्या बिल्डिंगचे वॉचमन म्हणजे तोफखान्यातून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे हवालदारकाका. तोफांनी त्यांचा डावा कान कायमचा बंद केला होता आणि उजवाही निम्म्यावर आणला होता. तरी भारतात त्यांचा अपंगत्व पेन्शनचा अर्ज फेटाळला गेला. आता अपील करायचं होतं. बिल्डिंगमध्ये इंग्रजी टायपिंग येणारा मराठी माणूस मी एकटाच, म्हणून काका माझ्याकडे आले.

अपील मी झकास लिहिलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण अर्जाच्या शेवटी अर्जदाराची थोडी तारीफ हवी, ही माझी शाळेपासूनची समजूत. म्हणून शेवटी ठोकून दिलं, 'हा माणूस आजही इतका दक्ष आहे, की हॉर्न वाजण्याआधीच गेट उघडतो.'

काही महिन्यांनी उत्तर आलं. काकांनी ते गेटवरच माझ्या हातात दिलं. मंजूर नाही, नामंजूरही नाही. प्रकरण पुढच्या तपासासाठी परत. कान पुण्याला पुन्हा तपासायचे आणि ऐकू येत नाही तर गेट कसं उघडता, याचा खुलासा द्यायचा.

त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन मी माझा पराक्रम कबूल केला.

"म्हंजी तुमी माझा कान बरा केलात," काका म्हणाले. "डाक्टरला जमलं न्हाई ते."

"पण काका, उघडता कसं?"

त्यांनी माझा हात धरून गेटच्या लोखंडावर ठेवला. "थांबा जरा."

तळघरातल्या पार्किंगच्या उतारावरच्या लोखंडी जाळीवरून एक गाडी वर आली आणि तळहाताखाली गेट बारीक थरथरलं. इतकी वर्षं मला वाटायचं, काका गेटला टेकून आराम करतात.

खुलासा त्यांनी शेजारी बसून लिहून घेतला. एखादं विशेषण जास्त पडलं की "ह्ये कशाला?" म्हणून खोडायला लावायचे. घरी घालवायची सुट्टी पुण्याच्या दवाखान्यातल्या बाकावर गेली, त्याबद्दल मात्र कधी बोलले नाहीत.

शेवटी निकाल आला. काका गावाहून मागवलेले कंदी पेढे घेऊन वर आले. "मंजूर झालं, सायेब. खलास."

त्यांना लिफ्टपर्यंत सोडताना मी भारावून बरंच काही बोललो. मग लक्षात आलं, मी त्यांच्या डाव्या बाजूने चालतोय. खांद्याला हात लावून विचारलं, "काका, पुन्हा सांगू?"

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "कौतुकच असंल."