कादंबरीत नसलेली बहीण

अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडून येणारा मळीचा आंबूस-गोड वास बसच्या खिडकीतून आत शिरला, की मी उगाचच पर्स उघडते, बंद करते, पुस्तक काढते आणि पान न उलटता ठेवून देते. बाकीचे प्रवासी नाकाला रुमाल लावतात. मला मात्र शाळेतला एक तास आठवतो आणि जीव थाऱ्यावर राहत नाही.

घनसावंगीजवळच्या शाळेत मी मराठी शिकवते. दहावीच्या मुलांना गोलात बसवून कादंबरीवर बोलायला लावणं हे माझं आवडतं खूळ. नायिका कशी आहे असं विचारलं, तर गाइडातली उत्तरं येतात: स्वाभिमानी, कष्टाळू, प्रेमळ. म्हणून मी नियम केला, ज्या पात्राबद्दल बोलायचं, ते पात्र होऊनच बोलायचं. एरवी मान वर न करणारी पोरं त्या नियमाच्या जोरावर बापाशी, गावाशी, देवाशीसुद्धा भांडू लागली. पात्राच्या आडून मुलं स्वतःचंच बोलतात, असं मी शिक्षकांच्या बैठकीत ऐटीत सांगत असे.

त्या दिवशी शिकण्यासाठी घर सोडणाऱ्या एका नायिकेवर चर्चा चालली होती. खिडकीशी बसणारी एक अबोल मुलगी उठली. तिच्या आजोबांची मेंढरं होती. वडील आता लोकांच्या शेतात मजुरीला जात. बाकाचा कोपरा नखानं खरवडत ती म्हणाली, "मला ताईच्या घरी धाडू नका. तिची लेकरं कुणीबी सांभाळंल. माझी दहावी होऊ द्या."

कादंबरीतल्या नायिकेला बहीण नव्हतीच. हे माझ्या ध्यानात आलं, आणि मी हरखून गेले. लेखकाला न सुचलेली बहीण हिला सुचली! "शाब्बास, असं पात्रात शिरता आलं पाहिजे," म्हणत मी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या वाजवताना मुली एकमेकींकडे बघत होत्या. तेही मी पाहिलं आणि पुढच्या गटाकडे वळले.

दिवाळीनंतर ती आलीच नाही. ताई आणि दाजी ऊसतोडीला जात होते. त्यांची जुळी सांभाळायला तिला अंकुशनगरला नेलं होतं. मी दोनदा निरोप धाडला. उत्तर आलं नाही.

गेल्या वर्षी कुंभार पिंपळगावच्या बाजारात ती दिसली. ताईच्या जुळ्यांपैकी एक कडेवर, दुसऱ्यानं बोट धरलेलं. "मला तेव्हा कळलं नाही गं," मी म्हणाले. तिनं कडेवरचं लेकरू सावरलं.

"मला वाटलं, तुमाला बराबर समजलं. टाळ्या वाजवल्या न तुमी. मंग लई दिवस वाट बघितली, मॅडम. आईला म्हणलं बी, मॅडम घरी येणार हायेत, माज्या बापाला बोलणार हायेत."

काळ गेला की चुका निवतात म्हणे. ही निवत नाही. मुलं अजूनही गोलात बसतात, पण कुणी फार मनापासून बोललं की मी त्याचं नाव वहीत टिपून ठेवते. संध्याकाळी मी त्या मुलाचं घर विचारत वस्तीवर जाते. बहुतेकदा तसं काही नसतं. चहा घेऊन परत येते. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. इतकी घरं पालथी घातली, तिच्या आईच्या दारात मात्र मी अजून गेलेले नाही.